सोन्याचा डाग
आपल्याकडे दागिन्याला ‘डाग’ म्हणतात. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांना व्हिक्टोरिया राणीच्या गिनीवर मात्र दुसराच डाग दिसतो. आजीने राणीच्या डोक्यावर कडी झाळून घेतली आणि दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासली. लख्ख! तज्ज्ञ भिंगातून केसाएवढे ओरखडे आणि कडीचा जोड बघतात, आणि 70 पैकी गुण द्यायचंच नाकारतात. प्लास्टिकच्या डबीवर नुसता शेरा: ‘डिटेल्स, क्लीन्ड’. 70 गुण कोणाला? टांकसाळीतून निघून कुणाच्या हाती-गळ्यात न पडलेल्या, निर्दोष नाण्याला. म्हणजे नाण्याने जन्मात बाजार केला नाही, तरच पैकीच्या पैकी! कोपऱ्यावरच्या सराफाकडे जा. ‘कडी तोडा,’ म्हणतो. बाकी सुमारे 8 ग्रॅम, 22 कॅरेट. ओरखड्यांची घट तो धरत नाही.