पाचशेवर थांबलेला धूर

भारताचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल 2015 मध्ये सुरू झाला. त्याच्या सहा पायऱ्या 'चांगली'पासून 'गंभीर'पर्यंत जातात. दुसरी पायरी 'समाधानकारक'. पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोलवर उतरणारे बारीक कण, 24 तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम असले तरी ती हवा याच पायरीवर बसते. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची शिफारस 15 ची आहे. समाधान कोणाचे, हे तक्त्यात नमूद नाही. निर्देशांक 500 वर संपतो. दिवाळीनंतरच्या दिल्लीत धूर याहून वर गेला, तरी आकडा शिस्तीत तिथेच उभा राहतो. हवेतले कण मोजणारे यंत्र बिचारे प्रामाणिक असते: फितीवर साचलेल्या कणांतून बीटा किरण सोडून ते वजन काढते आणि दिसेल ते सांगते. अडचण पुढे येते. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांमागे हे कण असल्याचे वैद्यकशास्त्र सांगते; संसदेत मात्र, केवळ प्रदूषणामुळे मृत्यू झाल्याची निर्णायक आकडेवारी उपलब्ध नाही, असे उत्तर वारंवार मिळते. तेही खरेच. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर कारण म्हणून हृदयविकार लिहितात, धूर लिहिण्याची पद्धत नाही.