सुनेचा आळस आणि काकांचं पोट

"अवो मास्तरीणबाई, आमची सून पाहा, निरा झोपूनच रायते!"

वॉलकंपाउंडच्या पलीकडे काकू अंबाडी निवडत होत्या. सुनेच्या आळसाची बातमी खंडेश्वराच्या देवळापर्यंत आधीच पोचली होती, मला ती सगळ्यांत शेवटी कळत होती एवढंच. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला गल्लीतल्या गप्पा उशिरा आणि रिपोर्ट लवकर मिळतात.

"सकायी आठ वाजेलोक उठत नाई. एवढ्या उनात म्हनते, 'आत्याबाई, कूलर बंद करा, थंडी वाजते.' खाते दोन पोया, न वजन वाढतच चाललं. मोरीत पाहा तं केसायचे गुच्छेच्या गुच्छे. मी म्हनलं, नखरे हायेत!"

"रक्त तपासलं का?"

"तपासलं ना, अमरावतीले. थायरॉइड वाढला म्हनते. म्हनून गोई मीच बंद केली. वाढला हाय तं गोई खाऊन आखीन कायले वाढवाचा?"

मी रिपोर्ट मागितला. भिंतीवरून आला, अंबाडीच्या डागासकट. टीएसएच 14. असायला हवा साधारण चाराच्या आत.

"काकू, थायरॉइड वाढला नाही, बसलाय. वाढला तो टीएसएच. तो गळ्यातून निघतच नाही, मेंदूच्या खालून निघतो. तिथं पिट्यूटरी नावाची ग्रंथी आहे, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. गळ्यातली थायरॉइड वीसेक ग्रॅमची. पण हुकूम अर्ध्या ग्रॅमवालीचा. सासू-सुनेचं समजा. सून काम करेनाशी झाली की सासू काय करते?"

"वरडते."

"तेच टीएसएच. सून थकली म्हणून सासूचा आवाज 14 वर गेला. कामाला लागली की आवाज आपोआप उतरतो."

काकूंनी अंबाडीचं देठ जरा जोरातच मोडलं. "म्हंजे सासू मी!"

मी विषय पुढे रेटला. थायरॉइड जो हार्मोन सोडते तो अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीला किती वेगानं जळायचं ते सांगतो. तो कमी पडला की अंगात ऊब राहत नाही, नाडी मंदावते, आतडं सुस्तावतं, पाळी बिघडते, केस गळतात. माणूस झोपाळू होतो आणि घरात त्याला आळशी ठरवतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी म्हणजे तोच कमी पडलेला हार्मोन, थायरॉक्सिन. ती बंद करणं म्हणजे उपाशी माणसापुढचं ताट उचलणं.

"मंग मीठ बदलवू का? इमलाची माय म्हने सेंधा मीठ चांगलं."

"उलट. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नाही तर ग्रंथी करणार कशाचं? कच्चा माल मिळेना म्हणून ती फुगते, तोच गलगंड. म्हणून तर 2006 पासून खायला बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. पण तुमच्या घरी पुडीचं मीठ आहेच. असं मीठ खाणाऱ्या घरांत थायरॉइड बसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं: शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरनं 1912 मध्येच हे दुखणं लिहून ठेवलं."

"जपानचा डाक्टर आमच्या सुनेचं कसं काय लिहून गेला वो?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोळीचे नियम मात्र होते. डॉक्टरला विचारून पुन्हा सुरू करायची, सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एका तासानं. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चार तास लांब, नाहीतर ही अंगी लागत नाही. टीएसएच पुन्हा तपासायचा तो सहा-आठ आठवड्यांनी. रोज आरशात बघून काही कळत नाही.

"आन मूल राह्यलं तं?"

"तर लगेच डॉक्टरकडे. सुरुवातीचे काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड तयार नसते, ते आईच्याच हार्मोनवर वाढतं. गोळी तेव्हा बंद नाही करायची, बहुतेक वेळा वाढवावीच लागते."

काकू गप्प झाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुनेचं समजलं. पन यायले साखर कशी निंघाली? आंगावर मांस नाई!"

काका ओट्यावर पेपर वाचत होते. मनगटं काडीसारखी, सदरा ढगळ.

मी काकूंना पुण्याच्या दोन डॉक्टरांच्या फोटोची गोष्ट सांगितली. खरं तर पुण्याचे एकच, के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. 2004 मध्ये 'लॅन्सेट'नं दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नव्वदच्या दशकापासून गरोदर बाया आणि त्यांची बाळं तपासली. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडच्या बाळांहून बरीच हलकी. पण हलकी होती ती मांसात. चरबी त्या मानानं राखलेली. स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन साखर पेशीत नेतं, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांस. मांसच कमी, वर पोटात चरबी, मग इन्सुलिनचं कोण ऐकतं?

"यायले पोट कुठी हाय?"

"पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत पाहिजे. मोजा की."

काकू आत गेल्या, सुनेच्या शिलाई मशीनवरचा टेप घेऊन आल्या. काका "अवो, लोकं पाह्यतात ना!" म्हणत उठले, पण सदरा वर झालाच. टेप 96 वर थांबला.

"पाहा आता," काकू भिंतीवरून मला म्हणाल्या, "वायला वायला म्हनून रोज भाकरीवर तूप मीच वाढून रायली!"

काकांनी सदरा खाली ओढला आणि विचारलं, "मंग आज नाई का तूप?"