नानांचं जहाज

2004च्या सुमारास नाशिकरोडच्या प्रत्येक कॉलनीत एक नाना असायचे. प्रेसमधून निवृत्त (आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांचा, वर्तमानपत्राचा नव्हे), खिशात टेस्टर, आणि कुणी कॉम्प्युटरवर डीव्हीडी बघायचं नुसतं मनात आणलं तरी दारात हजर.

आमच्याकडचे नाना आले तेव्हा नवा ड्राइव्ह अजून खोक्यातच होता. त्यांनी खोका कानाशी धरून हलवला.

"कॉम्बो घेतलात? म्हणजे डीव्हीडी नुसती वाचणार, लिहिणार ती सीडीच. असू दे. घेतलात ना आता!"

हे शेवटचं वाक्य ते दहाव्याला आल्यासारखं म्हणतात. तुम्ही काहीही घेतलेलं असो, नानांना विचारून घेतलेलं नसतं, हा त्यातला खरा दोष. विचारून घेतलं असतं तर घेणंच झालं नसतं. समोरच्या बिऱ्हाडाने विचारलं होतं; ते दीड वर्ष "भाव उतरू दे"वर थांबून होते.

मग रुपयाच्या नाण्याने कॅबिनेटचे स्क्रू निघाले. आत फुंकर मारून नानांनी आमच्या हिचा भुवयांचा चिमटा मागवला आणि ड्राइव्हच्या मागचा मोहरीएवढा जंपर उचलून 'मास्टर'वरून 'स्लेव्ह'वर बसवला. "एका केबलवर दोन मालक नांदत नाहीत," असं म्हणून चिमटा परत देताना त्यांनी आमच्या दोघांकडे एकदा बघून घेतलं.

ड्राइव्ह दिसू लागला, सिनेमा मात्र दिसेना. "अहो, एक्सपीत डिकोडर येतच नाही. शेगडी आणलीत, सिलिंडर कुठंय?" सिलिंडर म्हणजे पॉवरडीव्हीडी. तो चढवला, तर कळलं की बहिणीने न्यूजर्सीहून पाठवलेली 'टायटॅनिक'ची डीव्हीडी रीजन एकची आणि आपला देश पडतो रीजन पाचमध्ये. ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. ड्राइव्हने 'शिल्लक 4' दाखवलं आणि नानांनी माउसवरचा माझा हात उचलून बाजूला ठेवला. रेशनच्या रॉकेलसारख्या त्या चार संधी त्यांनी शेवटपर्यंत जपल्या. आजही शिल्लक असतील, ड्राइव्ह भंगारात गेला असला तरी.

दुसऱ्या दिवशी रीजनवर उतारा म्हणून स्केचपेनने 'व्हीएलसी' लिहिलेली सीडी आली. पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी केलेलं, फुकट. पडद्यावर नारिंगी शंकू उमटला. ही म्हणाली, "रस्ता खोदलाय वाटतं."

सिनेमा लागला, पण उचकी लागल्यासारखा. नाना खुलले. ड्राइव्ह 'पीआयओ'वर घसरला होता. त्यांनी 'डीएमए' केलं आणि चित्र गोदेच्या पाण्यासारखं वाहू लागलं. (पावसाळ्यातल्या. एरवीचं विचारू नका.) "या देशातला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा त्र्यंबकच्या फाळक्यांनी 1913 साली काढला. निदान लावायला तरी शिका!" असं सुनावून ते उठले.

"अहो नाना, बसा ना. चहा होतोय."

"आता काय बघायचंय? चालतंय की!"

आणि चपला सरकवून गेलेसुद्धा. तेव्हा लक्षात आलं, कॉलनीतल्या दहा-बारा घरांत नानांनीच सिनेमे लावून दिलेत, प्रत्येकाचा मेनू त्यांना तोंडपाठ आहे, आणि 'टायटॅनिक' त्यांच्या लेखी अजून बंदरातच उभं आहे.