नळी मोठी करून पाहिली

कुत्र्याचं शेपूट सहा महिने नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपली आजी सांगून गेली. साहेबाला ही म्हण ठाऊक नसावी. त्यानं नळीच एवढी मोठी केली की अख्खा कुत्रा आत जावा. या खेळाला अ‍ॅजिलिटी म्हणतात आणि तो यंदा आमच्या किन्हीराजा गावात येऊन पोचला. समृद्धी महामार्गानं आला. त्या रस्त्यानं काय काय येणार याची भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली होती, त्यात लॅब्रॅडॉर नव्हता.

भाचा पुण्याला असतो. सोयाबीन सोंगायला मदत करतो म्हणून दिवाळीआधी आला, सोबत ब्रुनो. वय दोन वर्षं, अंगानं सुटलेला, आणि दुपारी पंख्याखालून न हलणारा. पंख्याखालच्या या सत्पुरुषाला चपळ करायचं, तेही घरच्या घरी, असा भाच्याचा संकल्प.

खेळाचा इतिहास त्यानंच सांगितला. 1978 साली लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात क्रफ्ट्स नावाचं मोठं श्वानप्रदर्शन भरलं होतं. दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी वेळ कशी भरायची, हा प्रश्न होता. आपल्याकडे अशा वेळी मान्यवरांचं मनोगत ठेवतात. तिथे समितीतल्या जॉन व्हार्लींनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला गाठलं आणि घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेतले अडथळे बुटके करून कुत्र्यांपुढे मांडले. लोक खूश झाले. वेळ मारून न्यायला काढलेली गोष्ट पुढे नियमावलीसकट कायम झाली, यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही.

तयार साहित्याचे भाव भाच्यानं मोबाइलवर पाहिले, मग माझ्या शेताकडे पाहिलं. स्प्रिंकलरचे पाइप विटांवर आडवे गेले, झाले उडीचे अडथळे. ट्रॅक्टरचं जुनं टायर लिंबाच्या फांदीला लटकलं. दोन बाजा एकमेकींना टेकवून चढ-उताराचा डोंगर झाला. स्पर्धेत तो 1.7 मीटर उंच असतो, आमचा बाजेच्या तब्येतीप्रमाणे. नागमोडी पळायला 12 काठ्या 60-60 सेंटिमीटरवर रोवायच्या असतात. त्या जागी तुराट्या आल्या. नळी म्हणून, कधीकाळी कुठल्याशा मोरीसाठी आलेला सिमेंटचा पाइप होता. तो कुणाचा हे कुणालाच माहीत नसल्यामुळे सगळ्यांचाच होता.

नळीची शिकवणी अशी: एकानं या तोंडाशी कुत्रा धरायचा, दुसऱ्यानं त्या तोंडाशी बसून हाक मारायची. हाक मारायचं काम माझ्याकडे. मी गुडघे टेकून पाइपात डोकं घातलं आणि "ब्रुनो, ये, ये" म्हणालो. आवाज छान घुमला. कुत्रा काही दिसेना. मिनिटभरानं मानेवर गरम श्वास आला. ब्रुनो पाइपाला वळसा घालून माझ्या मागे येऊन उभा होता, आणि मामा आत काय शोधतोय ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

मग फळीचा झोका. लांब फळी मधोमध टेकवलेली. कुत्रा चढतो, मध्यावर जातो, पुढचं टोक धाडकन खाली येतं. कुत्रा फळीला भीत नाही, धाडकन आवाजाला भितो. म्हणून सुरुवातीला टोकाखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि रोज थोडं थोडं काढत जायचं. भाच्यानं मामीची गोधडी ठेवली. मामी म्हणाली, "त्याले आवाजाचं भेव वाटते, अन् मले माह्या गोधडीचं काही वाटत नसन काय?" त्या दिवशीचा आवाज फळीचा नव्हता.

या विद्येचं मर्म खाऊत आहे. कुत्र्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी तुकडा हातावर पडला पाहिजे. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे कुत्र्याला कळत नाही. पीकविम्याचे पैसे जमा झाले की आमचंही हेच होतं: कोणत्या सालच्या पावसाचे? प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र मैदानात खाऊ न्यायला आणि कुत्र्याला हात लावायला बंदी असते. म्हणजे शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते पहिल्याच फेरीत बाद. आणि हो, तीनदा नकार दिला की कुत्राही बाद होतो. ब्रुनो या हिशेबानं पहिल्या सकाळीच निवृत्त झाला होता.

चौथ्या दिवशी उठून पाहतो तर बाजेच्या शेंड्यावर शेजारची शेळी उभी. दुसरी फळीवर, तोल सांभाळत, एकदम शांत. तिला खाऊ नको होता, गोधडी नको होती आणि प्रशिक्षक तर नकोच होता. गावातली चंपी कुत्री तेव्हा जड अंगाची, तरी ट्रॉलीखालून, दगड चुकवत, कुंपणाच्या फटीतून येऊन ब्रुनोचा सकाळचा खुराक संपवून गेली. एकही नकार नाही.

तेवढ्यात योजनांचे जाणकार असलेले आमचे एक शेजारी आले. सगळीकडे फिरून पाहिलं. "भाऊ, हे कोण्या योजनेत बसते?"

"कोणत्याच नाही."

"मंग कायले मांडलं?" ते खरोखर गोंधळले. जाताना म्हणाले, "बोर्ड लावून फोटो तं काढून ठेवा. उद्या योजना आली तं?"

त्यांना हसू नये. आपल्याकडे साहित्य पडलं आणि फोटो निघाला की काम पूर्ण समजतात. ओपन जिमच्या दांड्यांवर चादरी वाळताना मी पाहिल्या आहेत आणि त्या चांगल्या वाळतात. रोज दहा मिनिटं, तीच फळी, तोच कुत्रा, महिनोन्महिने, या भागासाठी रकानाच नसतो. भाच्याच्या संकल्पातही नव्हता. आठव्या दिवशी त्याची सुट्टी संपली.

स्प्रिंकलरचे पाइप हरभऱ्यात परत गेले, तुराट्या चुलीत. टायरचा पोरांनी झोका केला. सिमेंटच्या पाइपात चंपी व्याली, चार पिल्लं आहेत. दीड महिन्यानं ज्याला हवं त्यानं घेऊन जावं. नळीची भीती एकालाही नाही. शेपट्या वाकड्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.