दिवा लागला असता करावयाचे विधी

खारबाव हे दिवा–वसई मार्गावरचे स्टेशन. दिवा लांब असतो आणि गाडी तिच्या सवडीने येते, हे इथला माणूस लहानपणीच शिकतो. असा संयमी माणूसही चारचाकीच्या मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला की गांगरतो. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी.

प्रथम दिव्याकडे नीट पाहावे. तो लुकलुकत असेल तर इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही. गाडी बाजूला घेऊन मेकॅनिकला बोलवावे, इथे विनोदाला जागा नाही. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी पळत असेल, तर पुढचे विधी सावकाश करता येतात.

पहिला विधी मतदानाचा. बोनेट उघडून नुसते उभे राहावे, पाच मिनिटांत "काय झाला, दादूस?" म्हणत चार जण जमतात. एक जण चिंचोटी–अंजूरफाटा रस्त्यावर खापर फोडतो. हे मत कुठल्याही बिघाडाला लागू पडते, म्हणून नोंदवून ठेवावे. दुसरा म्हणतो, "सेन्सर गेला." कुठला, हे विचारू नये, तो दुखावतो. तिसरा दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायला सांगतो. चौथा बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतो आणि दिवा खरोखर विझतो! चौथ्याला चहा पाजावा. मंत्री येण्याआधी खड्ड्यात खडी टाकतात, तशातला हा प्रकार. दिवा काही दिवसांनी परत येतो.

मग नाइलाजाने स्कॅनर लावावा. पी०४५५ हा कोड आला तर पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान, पी०४५६ म्हणजे अगदी बारीक. बारीक किती? साधारण अर्ध्या मिलिमीटरचे भोक. इतकी नाजूक जाण असलेला कॉम्प्युटर आपण खारबावच्या रस्त्यावरून नेतो, हे त्याला कळू देऊ नये. (सगळ्याच गाड्या गळती मोजत नाहीत, काहींना फक्त व्हॉल्व्हच्या वायरची काळजी असते.)

आत घडते ते असे. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, ती हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात साठवतात. गाडी चालू असताना एक व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळते. ही सगळी वाट हवाबंद हवी. गाडी अधूनमधून तिच्यात दाब किंवा निर्वात धरून पाहते. धरला गेला नाही की दिवा लावते आणि चालत राहते. भिवंडीतला माग बरा, आडवा धागा तुटला की थांबतो तरी.

कोड गळती आहे एवढेच सांगतो, कुठे ते सांगत नाही. पहिला संशयित पेट्रोलच्या टाकीचे झाकण. त्याची रबरी रिंग चिरली आहे का, तिच्यावर धूळ बसली आहे का, ते पाहावे. झाकण पंपावर विसरून आला असाल, तर त्या जागी लावलेली प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड हा उपाय कॉम्प्युटर मान्य करत नाही. झाकण नीट लावल्यावरही दिवा लगेच जात नाही. टाकी साधारण अर्धी ठेवून चार-पाच दिवस रोज सकाळी थंड गाडी काढावी. टाकी काठोकाठ किंवा रिकामी असेल तर गाडी तपासणीच टाळते.

दुसरा संशयित आपण स्वतः. पंपाची नळी आपोआप बंद पडते, मीटरवर १,९६२ असतात आणि आपण म्हणतो, "भाऊ, राऊंड फिगर करा." ते अडतीस रुपयांचे पेट्रोल टाकीत मावत नाही, कोळशाच्या डब्यात शिरते. तो डबा वाफेसाठी असतो. भिजला की बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकल्यावर राऊंड फिगरची हौस फिटते.

तिसरा संशयित उंदीर. भातकापणी झाली की शेतातले उंदीर नवे घर शोधतात आणि बोनेटखाली ऊब असते. बारीक नळ्या कुरतडल्या आहेत का, ते हाताने चाचपावे. पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. हे सगळे निर्दोष निघाले तर गॅरेजमध्ये धूर सोडायचे यंत्र असते. ते हलक्या दाबाने नळ्यांत धूर सोडते. धूर निघेल तिथे भोक. हा प्रयोग घरी उदबत्तीने करू नये. दिव्याचे कारण शोधायला दिवा तर मुळीच लावू नये.

आमच्या गाडीत दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगवेगळे सेन्सर गेल्याचे सांगितले. गेले काहीच नव्हते, झाकण तिरके बसले होते. तेव्हा वाचन इथेच थांबवा. इंजिन बंद ठेवा, हातातली विडी विझवा, बाहेर जा आणि टक आवाज येईपर्यंत झाकण फिरवा.