नव्या स्पायडर-मॅनला नावं कशी ठेवावीत: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

सुपरहिरोचा सिनेमा बघणं सोपं असतं. थिएटरमधून बाहेर पडल्यावर पार्किंगपर्यंतच्या वाटेत तो जुन्यापेक्षा कसा वाईट होता हे पटवून देणं मात्र कौशल्याचं काम. ही मार्गदर्शिका त्यासाठीच. सरावाला आपण सगळ्यात सोयीची जोडी घेऊ: सॅम रायमींची टोबी मग्वायर असलेली मालिका (२००२, २००४, २००७) आणि मार्क वेब यांचा अँड्र्यू गारफिल्ड असलेला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ (२०१२). दोन्हींत अंतर जेमतेम पाच वर्षांचं. आधीच्याचा सूट दोरीवर वाळत असतानाच नव्याचं माप घेतलं गेलं. तुलनेला इतकी सुपीक जमीन पुन्हा मिळणार नाही.

पायरी १: निकाल आधी लावा, पुरावे मग गोळा करा.
त्यासाठी एकच माहिती लागते. पहिला स्पायडर-मॅन बघितला तेव्हा तुमचं वय किती होतं? दहा ते पंधराच्या दरम्यान असेल तर तो सर्वश्रेष्ठ, विषय संपला. २००२ साली शाळेत असलेल्यांसाठी मग्वायर हाच खरा. ज्यांनी नंतरच्या स्पायडर-मॅनला, टॉम हॉलंडला, आधी पाहिलं, त्यांना मग्वायर म्हणजे डोळ्यांत सारखं पाणी आणणारे कुणीतरी काका वाटतात. ही माहिती वादात उघड करायची नाही. आपलं मत पटकथा, दिग्दर्शन आणि छायाचित्रणावर आधारलेलं आहे असंच सांगायचं.

पायरी २: ‘पण गरजच काय होती?’ असं विचारा.
हा प्रश्न सुस्कारा टाकून विचारायचा असतो. नवशिके चुकून त्याचं उत्तर शोधायला जातात आणि पेचात सापडतात, कारण उत्तर अगदी रुक्ष आहे. रायमींचा चौथा भाग २०११ साली यायचा होता. पटकथा मनासारखी जमेना आणि तारीख तर डोक्यावर, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये तो रद्द झाला आणि निर्माती कंपनी सोनीने नव्याने सुरुवात करायचं जाहीर केलं. मार्व्हलकडून घेतलेले चित्रपटाचे हक्क टिकवायचे तर ठरावीक काळात सिनेमे काढत राहणं सोनीला भाग होतं. म्हणजे गरज होती, पण ती कागदोपत्री. हे कळल्यावर सुस्काऱ्यातला जोर जातो, म्हणून हा परिच्छेद वाचून विसरावा.

पायरी ३: जाळं कुठून निघतं यावर किमान वीस मिनिटं काढा.
रायमींच्या पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, मनगटातून जाळं आपोआप येतं. वेब यांचा पीटर मनगटावर यंत्र बांधतो. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली कॉमिकमध्ये जन्माला घातलेला पोरगाही यंत्रच वापरायचा. त्यामुळे मूळ कॉमिकशी इमान राखायचं असेल तर इथे नव्याच्या बाजूने बोलावं लागतं. घाबरू नका. ‘शाळकरी पोराने घरात बसून असला धागा बनवला?’ असं म्हणून विषय फिरवा. समोरचा जाणकार असेल तर सांगेल की तो धागा ऑस्कॉर्प कंपनीचाच असतो, पोराने फक्त यंत्र जोडलंय. अशा माणसाशी वाद घालू नये. त्याला चहा पाजावा.

पायरी ४: पीटरच्या काकांचा मृत्यू शेजारी शेजारी ठेवा.
इथे जरा गंभीर व्हा, कारण संपूर्ण तुलनेत खरा पुरावा हाती लागतो तो इथेच.

२००२ मध्ये पीटर काकांना खोटं सांगून कुस्तीच्या आखाड्यात जातो. तीन मिनिटं टिकल्यास तीन हजार डॉलर, अशी जाहिरात असते. हा दोन मिनिटांत समोरच्याला लोळवतो, तर आयोजक तोंडावर शंभर डॉलर फेकतो आणि तुझी अडचण ती माझी नव्हे असं सुनावतो. मिनिटभरात त्याच आयोजकाला लुटून चोर पळत येतो. पीटर बाजूला सरकून त्याला लिफ्टची वाट मोकळी करून देतो आणि आयोजकाचं वाक्य आयोजकालाच परत करतो. थिएटरात आपणही खूश होतो. बाहेर आल्यावर रस्त्यात काका पडलेले असतात. पीटरला घ्यायला आलेली गाडी चोराने पळवलेली असते. पाठलाग करून पीटर त्याला गाठतो आणि तेव्हा त्याचा चेहरा आपल्याला आणि पीटरला एकदमच दिसतो. आपण ज्या सूडावर खूश झालो, त्याचंच हे बिल.

२०१२ मध्ये काकांशी भांडून बाहेर पडलेला पीटर एका दुकानात दूध घ्यायला जातो. दोन सेंट कमी पडतात, दुकानदार अडून बसतो. मागचा माणूस गल्ला मारतो आणि जाताजाता दुधाची बाटली पीटरकडे टाकतो. पीटर त्याला जाऊ देतो, बाहेर शोधायला आलेल्या काकांशी चोराची झटापट होते, गोळी सुटते. प्रसंग वाईट नाही. दोन सेंटचा क्षुद्रपणा उलट जास्त खरा वाटतो. पण मनगटावर चांदणी गोंदवलेल्या त्या चोराला पीटर रात्र रात्र शोधतो, तेवढ्यात शहरात पाल, म्हणजे या सिनेमाचा खलनायक, येते आणि शोध राहतो तो राहतोच. पहिल्या सिनेमात अपराधाची गाठ घट्ट बसते, दुसऱ्यात तिचं टोक लोंबत राहतं.

समोरचा म्हणेल, रायमींनीच तिसऱ्या भागात खलनायक सँडमॅनच्या हातून गोळी सुटली असं दाखवून आपली गाठ उसवली. तो बरोबर आहे. लगेच पायरी ५ वर जा.

पायरी ५: नायिका किती वेळा लटकते ते मोजा.
ही पायरी जुन्याच्या भक्तांनी टाळावी. २००२ च्या शेवटी मेरी जेन क्वीन्सबरो पुलावरून लटकते, २००४ मध्ये धक्क्यावर साखळदंडात, २००७ मध्ये जाळ्यात अडकलेल्या टॅक्सीत. किंचाळण्याचं काम कर्स्टन डन्स्टला तिन्ही वेळा पुरून उरलं. २०१२ मधली एमा स्टोनची ग्वेन मात्र प्रयोगशाळेत काम करते आणि शेवटी पालीवरचा उतारा तीच तयार करते. पीटरही आपलं गुपित तिला सिनेमाच्या मध्यावरच सांगून टाकतो, तेही जाळ्याने खेचून घेऊन. मेरी जेनला एवढी माहिती मिळायला दोन अख्खे सिनेमे लागले होते. या पायरीवर प्रामाणिक राहिलात तर निकाल उलटतो, म्हणून आवाज बारीक ठेवा.

पायरी ६: खलनायकांवर बरोबरी मान्य करा.
शास्त्रज्ञ स्वतःवरच औषधाचा प्रयोग करतो आणि बिघडतो, हे २००२ च्या ग्रीन गॉब्लिनलाही लागू आणि पालीलाही. पाल होणारे डॉक्टर कॉनर्स रायमींच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात एका हाताचे सरळमार्गी प्राध्यापक होते. दोन सिनेमे पगार घेऊन ते माणूसच राहिले. ही माहिती वाक्याच्या शेवटी सहज फेकावी, वजन वाढतं.

पायरी ७: इरफानचा उल्लेख विसरू नका.
आपल्याकडे हा मुद्दा सक्तीचा आहे. इरफान खान २०१२ च्या सिनेमात ऑस्कॉर्पचे डॉक्टर रजित राठा आहेत. त्यांची गाडी पुलावर पोहोचते, तिथे पाल गाड्या भिरकावत असते आणि त्यानंतर राठांचं काय झालं हे सिनेमा सांगतच नाही. एवढा नट घेतला आणि पुलावर सोडून दिला, या तक्रारीवर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. वाद फार तापला की हीच पायरी पुन्हा काढा.

नेहमीच्या अडचणी

*समोरच्याने तिसऱ्या भागातला पीटरचा रस्त्यावरचा नाच काढला तर?* ‘रायमींची मालिका’ म्हणताना तुम्हाला पहिले दोनच भाग अभिप्रेत होते असं सांगा.

*कमाईचा आकडा वापरावा का?* नको. जगभरात २०१२ च्या सिनेमाने सुमारे ७५ कोटी डॉलर मिळवले आणि रायमींच्या तीन भागांत सर्वाधिक कमाई, जवळजवळ ८९ कोटी, त्या नाचवाल्या भागाची आहे. या हिशेबाने नाचच जिंकतो.

*मी २००४ च्या रेल्वेच्या प्रसंगाला रडलो होतो. सांगू का?* जरूर सांगा. थकून पडलेल्या, मुखवटा नसलेल्या पोराला प्रवासी डोक्यावरून झेलत आत नेतात, दोन मुलं त्याचा मुखवटा परत देतात आणि गुपित ठेवायचं कबूल करतात. उत्तरादाखल समोरचा २०१२ मधल्या क्रेन काढेल: जखमी नायकाला झोके घेता यावेत म्हणून कामगार रस्ताभर क्रेन ओळीने वळवतात. तिथे शहर नायकाला वाट करून देतं, रेल्वेत शहर त्याला सांभाळतं. एवढं बोलून थांबा. नावं न ठेवताही तुलना होते हे लोकांना कळलं तर पुढे कुणी ऐकणार नाही.

पायरी ८: पलटी मारायची तयारी ठेवा.
२०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये तिघेही स्पायडर-मॅन एकत्र आले. आधी अवतरलेल्या गारफिल्डवर थिएटरांत शिट्ट्या पडल्या, आणि त्याला उपरा ठरवणारेच ‘बिचाऱ्यावर अन्यायच झाला, पोरगा मुळात चांगलाच होता’ असं म्हणू लागले. उपऱ्याचा बिचारा व्हायला नऊ वर्षं लागली. उद्या आणखी कुणी नवा येईल, तेव्हा हॉलंड हा खरा आणि अस्सल ठरेल आणि तुम्हालाच त्याची वकिली करावी लागेल. तेव्हा मत ठणकावून द्या, फक्त खाली तारीख टाकू नका.