पुतळ्याची पाठ दुखत नाही

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, खासबागेचं मैदान, मध्ये जेवणाच्या वेळी तांबडा-पांढरा, आणि पाहुणा तरीही गेला नाही तर कणेरी मठ. पुणे-बंगळूर रस्त्यानं दहा-पंधरा किलोमीटर गेलं की काडसिद्धेश्वरांचा हा जुना मठ लागतो. त्याच्या आवारात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय नावाचं एक अख्खं गाव वसवलेलं आहे. सुतार रंधा मारतोय, कुंभाराचं चाक फिरतंय, न्हावी कुणाची तरी हजामत करतोय, बायका आडावर पाणी शेंदतायत, आणि सगळे जागच्या जागी थांबलेले आहेत, कारण ते सिमेंटचे आहेत. कारागिरी अशी की हातावरची शीर न् शीर दिसते, बैलाच्या अंगावरून हात फिरवावासा वाटतो. गंमत एवढीच, की मातीच्या घरांचं जुनं गाव इथं सिमेंटमध्ये जपलं आहे, आणि आसपासच्या खऱ्या गावांनी मातीची घरं पाडून सिमेंटची बांधली आहेत. सिमेंटनं दोन्हीकडची कामं मन लावून केली.

या गावातून फिरणाऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हटकून येतं: ‘काय सुखाचे दिवस होते ते!’ माझी हरकत आहे ती या वाक्याला, संग्रहालयाला नव्हे. माझं म्हणणं असं, की जुन्या काळाबद्दलचा उसासा आणि त्या काळातले कष्ट यांचं प्रमाण व्यस्त असतं. ज्याच्या वाट्याला काम कमी, त्याचा उसासा मोठा. जात्यापुढं सगळ्यात जास्त वेळ हळवा होऊन उभा राहतो तो पुरुष, आणि त्याच्या सात पिढ्यांत कुठल्याही पुरुषानं जात्याच्या खुंट्याला हात लावलेला नसतो. बरोबरची म्हातारी मात्र त्या जात्याकडं एक नजर टाकते आणि बसायला जागा कुठं आहे ते शोधू लागते. तिला ते बघायचं नसतं. तिनं ते ओढलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, हा नुसता तर्क झाला, पुरावा काय? पुरावा पिठाच्या गिरणीचा. भल्या पहाटे उठून, घरातलं माणूस न् माणूस झोपलेलं असताना, दिवसभराच्या भाकरीचं पीठ पाडायचं हे काम शेकडो वर्षं बायकांनी केलं. मग गावात गिरणी आली. कोल्हापूर हे मोर्चाच्या बाबतीत कुणाला ऐकणारं गाव नव्हे. टोल नको म्हटलं तर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून 2015 साली तो बंद करायला लावून मगच घरी गेलेली ही माणसं. पण ‘गिरणी नको, आमचं जातं परत द्या’ असा बायकांचा एकही मोर्चा इथं निघालेला नाही. बायकांनी डबा उचलला, डोक्यावर ठेवला आणि गिरणीचा रस्ता धरला. सोसलेल्यांनी दिलेला निकाल याहून स्पष्ट काय असायचा?

यावर ठरलेला आक्षेप येतो तो ओव्यांचा. ‘पण त्या गात होत्या की हो! दुःखी माणूस गातो का?’ गातो. किंबहुना तोच गातो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. इतकं मोठं कवितेचं भांडार हाती लागलं याचा अभिमान जरूर वाटावा. पण एक लाख ओव्या सुचायला किती पायल्या धान्य दळावं लागलं असेल याचाही हिशोब मांडावा. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे, आणि सासू, नवरा, दळणाचा ढीगही आहे. पहाटेच्या अंधारात ऐकायला दुसरं कुणी जागं नव्हतं म्हणून जे बोललं गेलं, ते आपण आता मंडपात स्पीकर लावून ‘लोकसंस्कृतीचा ठेवा’ म्हणून ऐकतो. ठेवा आहेच. ओव्या गिरणीत ऐकू येत नाहीत ही हळहळही खरी आहे. पण ओवीसाठी पुन्हा जातं मांडायचं म्हटलं तर त्यावर कुणाला बसवायचं, या प्रश्नाला सभागृहातून उत्तर येत नाही.

याच नियमाचा दुसरा पुरावा हायवेवर फलकच्या फलक लावून उभा आहे: ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. मटण चुलीवरचं असलं की दर चढतो. 2016 साली केंद्र सरकारनं उज्ज्वला योजना काढली ती गरीब घरातल्या बाईला चुलीच्या धुरातून सोडवायला, आणि त्याच काळात शहरातलं गिऱ्हाईक गाडी काढून धूर शोधायला बाहेर पडलं. चव वेगळी लागते, नाही कशाला म्हणा? लाकडाच्या आचेवर रटरटलेल्या रश्श्याची सर गॅसला नाही हे तोंडाला कळतं. मात्र ही चव घेताना गिऱ्हाईक पंख्याखाली बसलेलं असतं आणि चूल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. फुंकणी हातात धरून डोळे चोळणारी बाई फलकावरच्या चित्रात हसताना दाखवलेली असते. चुलीचं प्रेम हे असं भिंतीपलीकडचं असतं. भिंत काढली तर ते कितपत टिकेल याची मला शंका आहे.

आता जरा वजनदार आक्षेप. ‘कष्टाचं सोडा, पण गाव स्वयंपूर्ण होतं. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, प्रत्येकाला काम, प्रत्येकाला मान.’ कणेरीच्या दृश्यांतून हाच स्वयंपूर्ण गाव दाखवायचा आहे आणि तो मोठ्या प्रेमानं दाखवला आहे. त्यात तथ्यही आहे. नांगर गावातच घडायचा, गावातच मोडायचा आणि गावातच दुरुस्त व्हायचा. आज मोबाइलची काच गेली की आपण किती परावलंबी होतो ते पाहिलं तर सुताराच्या त्या पुतळ्याला हात जोडावेत. पण हा गावगाडा प्रत्यक्षात कसा करकरत चालायचा हे त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 सालीच ‘गावगाडा’ नावाचं पुस्तक लिहून सांगून ठेवलं आहे. खळ्यावर रास पडली की हक्कदार आणि मागतेकरी यांची कशी रीघ लागायची आणि कुणब्याच्या हाती शेवटी काय उरायचं, ते त्यात सापडतं. बलुतेदाराचीही तऱ्हा वेगळी नव्हती. वर्षभर काम करायचं आणि सुगीत जे पदरात पडेल ते घ्यायचं, कमी पडलं तर तक्रार कुणाकडं? ज्यानं कमी घातलं त्याच्याचकडं. मान प्रत्येकाला होता हे खरं, फक्त कुणी ओसरीवर बसायचं, कुणी अंगणात आणि कुणी वेशीबाहेर हेसुद्धा त्याच मानात आधीच ठरलेलं होतं.

शिवाय हे सगळं आपण कुठं उभे राहून बोलतो आहोत तेही बघावं. कोल्हापुरात! याच संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि त्याच वर्षी महार वतनाच्या जोखडातूनही माणसं मोकळी केली. याच गावात गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथला चहा प्यायला गेले, कारण तो चहा प्यायला बाकीच्यांची तयारी नव्हती. जुनी गावरचना इतकी सुखाची होती तर ती मोडायला एका राजानं आपला वेळ, आपली पत आणि वर लोकांच्या शिव्या कशासाठी खर्च केल्या असत्या? शाहूंचा पुतळा पाहून यायचं आणि तिथून थेट कणेरीला जाऊन ‘काय दिवस होते’ म्हणायचं, हे एकाच दिवसात जमवणारे आपण लई भारी लोक आहोत.

मग संग्रहालयं बंद करायची का? मुळीच नाही. स्टॉकहोमला 1891 साली आर्तुर हाझेलिउस यांनी स्कान्सेन उभं केलं तेव्हापासून जगभर जुन्या घरांची, अवजारांची उघडी संग्रहालयं निघाली, आणि ती निघाली नसती तर नांगराचे भागसुद्धा पुढच्या पोरांना परीक्षेपुरते माहीत राहिले असते. पुण्याला दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं आयुष्यभर वस्तू जमवल्या: अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या, फण्या. लोक ज्याला मोड म्हणत होते ते त्यांनी घरोघर फिरून विकत घेतलं आणि 1975 साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. तिथले अडकित्ते पाहताना सुपारी कातरण्यासारख्या किरकोळ कामासाठी माणसानं मोर, घोडे आणि नाना आकार का घडवले असतील याचं नवल वाटत राहतं, आणि ते वाटावंच. वस्तू जपण्याला माझी ना नाही. तिच्याबरोबरची कटकट गाळून टाकायला आहे. पुतळ्याची पाठ दुखत नाही, त्याला मलेरिया होत नाही, त्याच्या डोक्यावर सावकाराचं व्याज चढत नाही. म्हणून त्याच्याकडं पाहून काढलेला सुखाचा निष्कर्ष कच्चा. जात्याशेजारी एक खरं जातं आणि शेरभर जोंधळे ठेवावेत, आणि शेर दळून होईपर्यंत फोटो काढू देऊ नये. निम्मे उसासे तिथंच आटोपतील.

ही खबरदारी आत्ताच घ्यायला हवी, कारण यापुढचं गाव सिमेंटमध्ये उतरायच्या रांगेत उभं आहे. 1970 ते 1990 हा काळ आता ‘ते सोनेरी दिवस’ होऊ लागला आहे. सकाळी मोबाइल उघडावा तर कुणीतरी रेडिओचं, स्टोव्हचं आणि निळ्या आंतर्देशीय पत्राचं चित्र पाठवून ‘किती सुखी होतो आपण’ असं विचारलेलं असतं. बर्लिनमध्ये 2006 साली पूर्व जर्मनीच्या रोजच्या जगण्याचं संग्रहालय उघडलं. तिथं लोक ट्राबांट गाडीत बसून खूश होतात. हीच गाडी नोंदवून तिथल्या माणसाला दहा-दहा वर्षं वाट पाहावी लागत होती, आणि प्रेक्षकाला मात्र ती पाच मिनिटांत मिळते. कोल्हापुरात असं संग्रहालय निघालं (आणि ते निघावं) तर त्यात बजाजची स्कूटर असणारच. तिच्याशेजारी नोंदणीची पिवळी पडलेली पावतीही लावा. बारशाला नोंदवलेली स्कूटर मुंजीला आली, असा तो काळ. रेडिओ ठेवा आणि त्याचा परवानाही ठेवा, कारण गाणी ऐकायला सरकारची परवानगी लागत असे आणि तिची फी पोस्टात भरावी लागे. फोन ठेवा, पण तो ज्यांच्या घरी होता त्यांच्या दारात निरोपासाठी ताटकळलेला शेजारीही उभा करा. गॅसचा नंबर लागावा म्हणून केलेल्या खेपा, रॉकेलचा डबा, आणि स्टोव्हची पिन न सापडल्यामुळं घरात झालेलं भांडण, हेही हवं. खरं तर त्या काळाचं मुख्य दालन म्हणजे एक रांग असायला पाहिजे. प्रेक्षकानं तिच्यात तासभर उभं राहायचं आणि खिडकीपाशी पोचला की ती बंद करायची. तिथून बाहेर पडून ज्याला ‘सोनेरी दिवस’ म्हणावंसं वाटेल, त्याचं मत मी मानायला तयार आहे.

‘पण माणुसकी होती, शेजार होता,’ हा शेवटचा आक्षेप. होता. फोन एकाच घरात असला की शेजार टिकवावाच लागतो. त्या शेजारात खरी मायाही होती, ती मला नाकारायची नाही. मात्र अडचण संपली आणि माया आटली, तर दोष सुखसोयींचा किती आणि आपला किती, हे प्रत्येकानं आपापल्या जिन्यात उभं राहून ठरवावं. त्यासाठी तिकीट काढायची गरज नाही.

आणि एक. बलुतेदार गेले, असं पुतळ्यांपुढं उभं राहून म्हणायची पद्धत आहे. कुठं गेले? लोहाराचं काम उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत चालू आहे. ऑइल इंजिनं बनवता बनवता या जिल्ह्यानं ओतकाम असं आत्मसात केलं की आज इथले सुटे भाग देशोदेशी जातात. चामड्याचं काम सुभाषनगर, जवाहरनगरात चालू आहे. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसलीच चप्पल मिरवली, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळून उठला, आणि चप्पल शिवणारा मात्र उठला नाही, कारण त्याला संध्याकाळपर्यंत जोड पुरा करायचा होता. तेव्हा कणेरीला जरूर जा, पुतळे मन लावून पाहा. परतीच्या वाटेवर गोकुळ शिरगावात शिफ्ट सुटायची वेळ साधा. सुतार, लोहार, कुंभार यांची नातवंडं तिथं गेटातून बाहेर पडताना दिसतील. त्यांचा फोटो काढायचा झाला तर आधी विचारा, आणि त्यांच्या आज्याचे दिवस किती सुखाचे होते हे त्यांना सांगायला जाऊ नका.